एमएस आणि हायपरबॅरिक ऑक्सिजन: चेंबरमध्ये बसण्याआधी, बसल्यावर आणि थांबताना

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं निदान झालेल्या घरात हायपरबॅरिक ऑक्सिजनचा, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन घेण्याचा विषय कधी ना कधी निघतोच. कुणीतरी व्हिडिओ पाठवतं, कुणाच्या ओळखीतलं कुणी 'वीस सेशन घेतली आणि पायात जोर आला' असं सांगतं. मग प्रश्न उभा राहतो, आपणही करून बघावं का?

माझं मत आधीच सांगते. हा उपचार एमएस थांबवतो किंवा झालेलं नुकसान भरून काढतो, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. या विषयावर नीट चाचण्या झालेल्या आहेत आणि त्यांचं एकत्रित उत्तर नकाराकडे झुकतं. माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या माणसाला मी हा उपचार स्वतःहून सुचवत नाही. पण अनेक जण हे सगळं ऐकूनही जायचं ठरवतात. दिवसेंदिवस थकवा, लघवीची घाई, पायांतला ताठरपणा सोसणाऱ्या माणसाला 'एकदा प्रयत्न करू' असं वाटलं तर ते मला पूर्ण समजतं. म्हणून हा लेख. निर्णय माहितीवर घ्या, आणि जाणारच असाल तर आपलं मूळ औषध, डोळे, कान आणि पैसे सांभाळून जा.

चेंबरमध्ये नेमकं काय होतं

आपण श्वासातून घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो बहुतेक सगळा रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून शरीरभर फिरतो. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं, त्यामुळे जास्त ऑक्सिजन दिला तरी तिथे फारशी जागा उरलेली नसते. चेंबरमध्ये दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन दिला की तो थेट रक्ताच्या द्रव भागात, प्लाझ्मात विरघळतो. साध्या हवेवर १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तीन वातावरण दाबाखाली (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तिप्पट) शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हाच आकडा सहाच्या आसपास जातो. १९६० मध्ये ॲमस्टरडॅमच्या बोरेमा या शल्यविशारदांनी डुकरांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन जवळजवळ काढून टाकूनही त्यांना अशा दाबाखाली काही काळ जिवंत ठेवून दाखवलं होतं.

म्हणजे ऑक्सिजन खरोखर वाढतो, यात शंका नाही. पाणबुड्यांना होणारा डीकम्प्रेशनचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँग्रीन, रेडिएशनमुळे झालेल्या जखमा, मधुमेहातल्या पायाच्या काही न भरणाऱ्या जखमा अशा ठिकाणी हा उपचार मान्य आहे. एमएसबाबतचा प्रश्न वेगळाच आहे. वाढलेल्या ऑक्सिजनमुळे मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर चाललेला प्रतिकारशक्तीचा हल्ला थांबतो का?

हा विचार आला कुठून, आणि त्याचं काय झालं

१९७० मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या बॉशेटी आणि चेर्नोख यांनी एमएसच्या २६ रुग्णांना दाबाखाली ऑक्सिजन दिला. त्यातल्या १५ जणांना बरं वाटलं, पण ते टिकलं नाही. त्यानंतर अमेरिकेत फ्लोरिडातल्या रिचर्ड न्यूबाउअर यांनी आपल्या रुग्णांवर हा उपचार सुरू केला. स्कॉटलंडमधल्या डंडीचे फिलिप जेम्स यांनी १९८२ मध्ये वेगळी उपपत्ती मांडली. चरबीचे सूक्ष्म कण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथे सूज येते आणि ऑक्सिजन कमी पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ही उपपत्ती पुढे टिकली नाही. एमएस हा प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आजार आहे याचेच पुरावे वाढत गेले.

खळबळ उडाली ती १९८३ मध्ये. न्यूयॉर्कच्या फिशर आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला दोन वातावरण दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, रोज दीड तास, वीस वेळा. दुसऱ्या गटालाही तेवढाच दाब, पण हवेत ऑक्सिजन फक्त १० टक्के. दाब दुप्पट आणि ऑक्सिजनचं प्रमाण निम्मं, म्हणजे शरीराला मिळणारा ऑक्सिजन जवळपास रोजच्या हवेइतकाच. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला कळू नये म्हणून ही युक्ती. उपचार मिळालेल्या १७ पैकी १२ जणांत सुधारणा दिसली, दुसऱ्या गटात २० पैकी फक्त एकात. आशा वाटावी असेच हे आकडे होते.

तो काळही लक्षात घ्या. एमएसचा मार्ग बदलणारं एकही मान्यताप्राप्त औषध तेव्हा नव्हतं. पहिलं इंटरफेरॉन अमेरिकेत मान्य झालं ते १९९३ मध्ये. डॉक्टरांकडे देण्यासारखं फार काही नसताना ब्रिटनमधल्या रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी स्वतः पैसे उभे करून ठिकठिकाणी चेंबर बसवली. त्यातली कित्येक केंद्रं आजही चालू आहेत. त्या माणसांच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथे फिजिओथेरपी मिळते, सारखा आजार असलेली माणसं भेटतात, आणि त्यानेही फरक पडतो.

पण विज्ञानात एका चाचणीवर थांबत नाहीत. न्यूकॅसलच्या बार्न्स यांनी १२० रुग्ण घेतले आणि १९८५ मध्ये निकाल दिला: तपासणीत मोजता येण्यासारखा फायदा नाही. काही रुग्णांनी लघवी आणि शौचावरचा ताबा जरा सुधारल्याचं सांगितलं, पण ते त्यांच्या सांगण्यापुरतंच राहिलं. इतर देशांतल्या बहुतेक चाचण्यांतही फायदा दिसला नाही. २००४ मध्ये बेनेट आणि हर्ड यांनी कॉक्रेन संस्थेसाठी ९ चाचण्या आणि ५०४ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. नऊपैकी फक्त दोन चाचण्या अनुकूल होत्या. अपंगत्व मोजणाऱ्या ईडीएसएस या पट्टीवर वीस सेशननंतर दोन गटांत सरासरी फरक पडला ०.०७ इतका. ती पट्टी शून्य ते दहा अशी असते आणि तिची पुढची पायरी अर्ध्या गुणाची, म्हणजे ०.५ ची. ०.०७ म्हणजे रुग्णाला जाणवण्यासारखं काहीच नाही. एमएससाठी हा उपचार नेमाने वापरावा असं समर्थन करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये लोकांना सावध करताना, हा उपचार ज्या आजारांवर सिद्ध झालेला नाही त्या यादीत एमएसचं नाव घेतलं. २०१६ मध्ये युरोपातल्या हायपरबॅरिक तज्ज्ञांच्या समितीनेही एमएसला तो देऊ नये असं म्हटलं. हे विशेष आहे, कारण ही समिती या उपचाराच्या विरोधकांची नाही. चेंबरवर आयुष्य घालवलेल्या माणसांची आहे.

मग ओळखीतल्या कुणाला बरं वाटलं ते खोटं का? अजिबात नाही. बहुतेकांचा एमएस सुरुवातीला चढउताराचा असतो. झटका येतो, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. माणूस उपचाराकडे वळतो तो सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे पुढे होणारी सुधारणा उपचाराच्या खात्यावर जमा होते. शिवाय रोज बाहेर पडणं, आपुलकीने विचारणारं कुणी असणं, तासभर शांत बसणं यानेही बरं वाटतं. जाणवलेला आराम खरा असतो. तो ऑक्सिजनमुळेच आला का, एवढाच प्रश्न आहे.

पायरी १: न्यूरॉलॉजिस्टना सांगा आणि औषध हातातून सोडू नका

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: चेंबरसाठी एमएसचं चालू औषध बंद करायचं नाही, पुढे ढकलायचं नाही, डोस चुकवायचा नाही. आजची औषधं नवे झटके आणि एमआरआयवर दिसणारे नवे डाग कमी करतात, आणि त्यासाठीचा पुरावा ऑक्सिजनच्या तुलनेत कितीतरी भक्कम आहे. काही औषधं एकाएकी थांबवली तर आजार उसळून येतो. एखादं केंद्र 'आधी शरीरातली औषधं बाहेर काढू' असं सुचवत असेल तर तिथून सरळ परत या.

न्यूरॉलॉजिस्ट नाराज होतील या भीतीने बरेच जण लपवतात. लपवू नका. असं विचारा: 'मला हे करून बघायचंय. मला फायदा होईल की नाही ते बाजूला ठेवू. माझ्या बाबतीत यात काही धोका आहे का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक डॉक्टर मोकळेपणाने देतात.

नुकताच झटका आला असेल आणि स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असतील तर तो काळ जाऊ द्या. दाबाखालच्या ऑक्सिजनमुळे क्वचित फिट येऊ शकते आणि स्टेरॉइडमुळे ती शक्यता वाढते असं मानतात. ताप किंवा लघवीचा संसर्ग असतानाही जाऊ नका. संसर्गात एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात, आणि मग काय कशामुळे झालं याचा काही पत्ता लागत नाही.

पायरी २: शरीराची तपासणी

केंद्राने ही तपासणी करून घ्यायलाच हवी. फक्त एका फॉर्मवर सही घेऊन आत पाठवत असतील तर ते केंद्र योग्य नाही.

छातीपासून सुरुवात करू. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल आणि तिच्यावर उपचार झालेला नसेल तर चेंबर पूर्ण वर्ज्य, कारण दाब उतरताना ती हवा प्रसरण पावते आणि जिवावर बेतू शकतं. दमा, सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार), फुप्फुसाची जुनी शस्त्रक्रिया असेल तर आधी छातीच्या डॉक्टरांचं मत घ्या. मग कान, सायनस. पडद्यामागचा दाब जुळवता येतो का हे कानाच्या डॉक्टरांना पाहू द्या. एमएसमध्ये काहींना गिळायला त्रास होतो, आणि कान मोकळे करण्यासाठी गिळणंच तर लागतं. तुम्हाला हा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा.

औषधांची पूर्ण यादी लिहून न्या. एमएसच्या रुग्णांनी दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावं. पहिली फॅम्प्रिडीन, म्हणजे चालण्यासाठी दिली जाणारी गोळी. तिच्यामुळे फिट येण्याची शक्यता वाढते, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनमुळेही. दोन्ही एकत्र घ्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं. पूर्वी कधी फिट आली असेल तर हे आणखी महत्त्वाचं. दुसरी बॅक्लोफेन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध. गोळी घेत असाल तर सेशनच्या गडबडीत डोस चुकू देऊ नका. बॅक्लोफेन एकदम थांबलं तर ताठरपणा उसळतो आणि फिटही येऊ शकते. पोटात बॅक्लोफेनचा पंप बसवलेला असेल तर त्याचं कार्ड घेऊन जा. पंप किती दाब सहन करतो हे उत्पादकाने लिहून दिलेलं असतं, आणि दाब वाढला की काही पंपांतून औषध कमी उतरतं. ते कार्ड केंद्रातल्या डॉक्टरांनी वाचेपर्यंत आत जायचं नाही. कर्करोगासाठी ब्लिओमायसिन, सिस्प्लॅटिन किंवा डॉक्सोरुबिसिन घेतलेलं असेल, किंवा दारू सोडण्यासाठी डायसल्फिरम चालू असेल तर तेही सांगा.

मधुमेह असेल तर चेंबरमध्ये साखर उतरू शकते, म्हणून आधी आणि नंतर साखर तपासावी लागते. गरोदरपणात एमएससाठी हा प्रयोग नकोच.

डोळ्यांची तपासणी मात्र चुकवू नका, कारण तिच्यावर पुढे बरंच काही अवलंबून आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर, रंग ओळखण्याची क्षमता आणि मोतीबिंदू आहे का, एवढं सुरुवातीलाच लिहून घ्या.

पायरी ३: केंद्र पारखणं

चेंबर तीन प्रकारची दिसतात. मोठं, अनेकांनी एकत्र बसायचं: आत साधी हवा दाबाने भरलेली असते आणि ऑक्सिजन मास्कमधून किंवा डोक्यावरच्या पारदर्शक टोपातून मिळतो. सोबत कर्मचारी आत बसू शकतो. एकट्याने झोपायचं नळीसारखं: त्यात बहुधा सगळं चेंबरच शुद्ध ऑक्सिजनने भरतात. आणि तिसरं कापडी, फुगवायचं, जे घरीही विकलं जातं. त्यात दाब साधारण १.३ वातावरणापर्यंतच जातो आणि बहुतेक वेळा साधी किंवा थोडा ऑक्सिजन मिसळलेली हवा असते. ज्या चाचण्यांची चर्चा वर केली त्यांच्याशी या तिसऱ्या प्रकाराचा काही संबंध नाही. मुळात पुरावाच नकारात्मक, आणि त्यातही इतका सौम्य डोस. त्यासाठी मोठी रक्कम खर्च करू नका, असं मी स्पष्टपणे सांगते.

पर्याय असेल तर एमएस असलेल्यांनी मोठं चेंबर निवडावं. बसता येतं, पाय हलवता येतात, पायात गोळा आला तर कुणीतरी मदतीला असतं, आणि आगीचा धोकाही कमी.

आगीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ऑक्सिजन भरलेल्या जागेत एक ठिणगी पुरते. १९९७ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात एका रुग्णालयाच्या चेंबरला आग लागून ११ जण गेले. हात गरम ठेवण्याची एक छोटी वस्तू आत गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पाच वर्षांचा मुलगा चेंबरमधल्या आगीत दगावला. म्हणून केंद्राला हे प्रश्न विचारायला संकोच करू नका:

- सेशन चालू असताना डॉक्टर इमारतीत असतात का? चेंबर चालवणाऱ्याचं प्रशिक्षण कुठे झालं?
- चेंबर कोणत्या मानकाप्रमाणे बनलंय आणि शेवटची तपासणी कधी झाली? एएसएमई पीव्हीएचओ-१, किंवा युरोपात मोठ्या चेंबरसाठी ईएन १४९३१, अशी नावं उत्तरात यायला हवीत.
- मोठं चेंबर असेल तर आतल्या हवेतला ऑक्सिजन सतत मोजतात का? तो २३.५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा असतो.
- एकट्याचं चेंबर असेल तर स्थिर विजेसाठी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात का, आणि तो दर वेळी तपासतात का?
- आत कुणाला फिट आली तर काय करता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर न अडखळता यायला हवं. ऑक्सिजनचा मास्क काढायचा, साधी हवा द्यायची, आणि फिट थांबेपर्यंत दाब उतरवायचा नाही. 'आमच्याकडे असं कधी होत नाही' हे उत्तर नव्हे.

जिथे 'एमएस बरा होतो', 'मायलिन परत येतं' असं सांगतात, किंवा चाळीस-साठ सेशनचे पैसे आधीच मागतात, तिथे जाऊ नका. वीस सेशनच्या वरचं काही आगाऊ देऊ नका, आणि मध्येच थांबल्यास उरलेले पैसे परत मिळतील हे लेखी घ्या.

पायरी ४: पहिल्या सेशनआधीच्या दोन आठवड्यांत मोजमाप

बहुतेक जण हीच पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. पहिल्या सेशनच्या आधी दोन आठवडे आपली स्थिती लिहून ठेवा. नाहीतर महिन्यानंतर 'थोडं बरं वाटतंय बहुतेक' यापलीकडे हातात काही उरत नाही.

चालता येत असेल तर २५ फूट, म्हणजे ७.६ मीटर अंतर जमिनीवर चिकटपट्टीने आखा. सुरक्षितपणे जितकं जलद चालता येईल तितकं चाला आणि सेकंद मोजा. लागोपाठ दोनदा करा, सरासरी घ्या. नेहमीची काठी वापरत असाल तर दर वेळी तीच काठी, तेच बूट, दिवसाची तीच वेळ. एमएसचं चालणं सकाळ-संध्याकाळ बदलतं, म्हणून हा काटेकोरपणा हवा. या वेळेत २० टक्क्यांहून जास्त फरक पडला तरच तो खरा मानतात. दहा सेकंद लागत असतील तर साडेनऊ सेकंद म्हणजे सुधारणा नव्हे, आठच्या खाली यायला हवं.

हातांसाठी नऊ खुंट्यांची चाचणी फिजिओथेरपिस्टकडे होते. लघवीसाठी तीन दिवसांची नोंद ठेवा: किती वेळा, रात्री किती वेळा, किती वेळा आवरली नाही. वीस सेशनकडून थोडीफार अपेक्षा असलीच तर ती इथे, त्यामुळे ही वही मनापासून भरा. थकव्यासाठी एमएफआयएस नावाची २१ प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती न्यूरॉलॉजिस्टकडून घ्या.

आणि एका कागदावर लिहा: 'वीस सेशननंतर यातल्या अमुक दोन गोष्टी इतक्या सुधारल्या नाहीत तर मी थांबेन.' खाली तारीख घाला, घरच्या एका माणसाला तो वाचून दाखवा. पैसे आणि आशा दोन्ही गुंतल्यावर थांबायचा निर्णय फार जड जातो. आधी लिहिलेला कागद त्या वेळी आधार देतो.

पायरी ५: सेशनच्या दिवशी

केंद्राचे सुती कपडे घाला. तेल, क्रीम, व्हॅसलिन, परफ्यूम, डिओडरंट, हेअर स्प्रे, नेलपॉलिश काहीही नको. फोन, घड्याळ, लायटर, श्रवणयंत्र, बॅटरीवर चालणारं काहीही बाहेर. केसांना तेल लावायची सवय असेल तर आदल्या दिवशीच धुऊन टाका.

आत जायच्या लगेच आधी लघवीला जाऊन या. दाब असताना दार उघडता येत नाही. 'थांबा' म्हटल्यावरही बाहेर पडायला काही मिनिटं लागतात. लघवीची घाई होणाऱ्याला हीच सगळ्यात मोठी धास्ती असते, म्हणून युरिनल किंवा पॅड आधीच ठरवा, ओशाळू नका. कर्मचाऱ्यांना हे रोजचं आहे. पण या भीतीने दिवसभर पाणी पिणं कमी करू नका, त्याने लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही वाढतात. कॅथेटर असेल तर त्याच्या फुग्यात हवा नसून पाणी आहे ना, हे विचारा आणि पिशवी आत जाण्याआधी रिकामी करा.

व्हीलचेअर आत नेणार असाल तर दोन गोष्टी. हवेची गादी दाबाखाली चपटी होते आणि माणूस थेट कठीण तळावर बसतो. त्वचेला संवेदना कमी असेल तर तासाभरात जखमेची सुरुवात होऊ शकते. म्हणून फोमची किंवा जेलची गादी घ्या, तीही केंद्राने मान्य केलेली. हवेचे टायरही मऊ पडतात, त्यामुळे ब्रेक नीट लागतो का ते दाब वाढल्यावर पुन्हा बघायला सांगा.

आत गेल्यावर

दार बंद होतं आणि हवा भरू लागते. आवाज मोठा असतो. विमान उतरताना कान दडपतात तसे ते दडपू लागतात, फक्त जास्त वेगाने. दुखायची वाट बघू नका. पहिल्या मिनिटापासून दर काही सेकंदांनी आवंढा गिळा, जबडा हलवा, किंवा नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच फुंका. जोर लावू नका. कान उघडला नाही तर लगेच हात वर करा. चालक दाब थोडा कमी करतो आणि सावकाश पुन्हा सुरू करतो. 'बाकीचे खोळंबतील' म्हणून गप्प बसलेल्या माणसाच्या कानाचा पडदा फाटू शकतो. कानाची इजा हाच या उपचाराचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास आहे.

दाब वाढताना हवा तापते. एमएस असलेल्या बऱ्याच जणांना उष्णता सोसत नाही: अंगाचं तापमान जरा वाढलं की दृष्टी धूसर होते, पाय लुळे पडल्यासारखे वाटतात. गार झाल्यावर ते परत जातं, पण आत असताना माणूस घाबरतो. पहिल्याच वेळी सांगून ठेवा की तुम्हाला उकाडा चालत नाही, दाब सावकाश वाढवा, आणि थंडावा कसा देता येईल ते विचारा. उतरताना उलट होतं. हवा गार पडते, कधी आत धुकंही साचतं. अंगावर एक सुती पांघरूण हाताशी असू द्या. या वेळी श्वास मात्र रोखून धरायचा नाही. नेहमीसारखा श्वास घेत राहा, कारण फुप्फुसातली हवा प्रसरण पावत असते.

एमएससाठी केंद्रं साधारण १.५ ते २ वातावरण दाब वापरतात, म्हणजे समुद्रात पाच ते दहा मीटर खोल गेल्यासारखं. पूर्ण दाबावर तास ते दीड तास. मध्ये मास्क काढून साध्या हवेची विश्रांती देत असतील तर ती जरूर घ्या. ओठ किंवा गाल फडफडणं, मळमळ, कानात घणघण, नजर आक्रसल्यासारखी वाटणं, विनाकारण अस्वस्थपणा: यातलं काहीही झालं तर ताबडतोब सांगा. ऑक्सिजन मेंदूला जास्त होत असल्याची ही चिन्हं असू शकतात. प्रत्यक्ष फिट हजारो सेशनमागे एखादी इतकी क्वचित येते. एमएसमध्ये गालाचं फडफडणं अनेकांना तसंही होतं, तेव्हा 'हे माझं नेहमीचंच' म्हणून आतल्या आत दडपू नका. चालकाला कळवा आणि ठरवू द्या.

पायरी ६: पुढचे चार आठवडे

नेहमीचा क्रम आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे, एकूण वीस सेशन. हा वेळ आणि प्रवास अंगावर येतो. रोजच्या जाण्या-येण्याने थकवा वाढत असेल तर तोही वहीत लिहा, कारण उपचाराच्या हिशोबात तो धरायलाच हवा. सर्दी झाली की सुट्टी घ्या.

दृष्टीबद्दल आता नीट वाचा. अनेक सेशननंतर काहींना लांबचं धूसर दिसू लागतं. दोन्ही डोळ्यांना, न दुखता, हळूहळू. भिंगाची शक्ती तात्पुरती बदलल्याने हे होतं आणि उपचार थांबवल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत बहुधा पूर्ववत होतं. तोवर नवा चष्मा करू नका. पण एमएसमध्ये दृष्टी जाण्याचं दुसरं कारणही असतं, ऑप्टिक न्यूरायटिस. तो बहुधा एका डोळ्याला होतो, दिवसागणिक वाढतो, डोळा हलवला की दुखतो आणि रंग, विशेषतः लाल, फिका दिसतो. रोज सकाळी एक डोळा झाकून एकच लाल वस्तू बघा, मग दुसरा डोळा झाकून. दोन्हीत फरक दिसला तर सेशन थांबवा आणि त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. चेंबरमुळे असेल असं समजून वाट बघत बसलात तर झटक्यावरच्या उपचाराला उशीर होतो. मोतीबिंदू आधीच असेल तर तो दीर्घकाळच्या उपचाराने वाढू शकतो.

सेशननंतर छातीत अचानक दुखलं, धाप लागली किंवा कानातून रक्त आलं तर ते केंद्राच्या पुढच्या वेळेपर्यंत थांबण्याजोगं नाही. थेट रुग्णालयात जा आणि 'आज चेंबरमध्ये होतो' हे पहिल्या वाक्यात सांगा.

पायरी ७: विसाव्या सेशननंतर

तीन-चार दिवस विश्रांती घ्या आणि मग तीच मोजमापं पुन्हा करा, तशीच. जमिनीवरची तीच पट्टी, तेच बूट, तीच वेळ, लघवीची तीन दिवसांची वही. लिहून ठेवलेला कागद काढा.

ठरवलेला फरक पडला नसेल तर थांबा. 'अजून दहा घेतली तर लागू पडेल' असं केंद्र म्हणेल. चाचण्यांत ज्यांना फायदा झाला म्हणतात त्यांना तो वीसच्या आसपासच दिसला होता, त्यामुळे या म्हणण्याला आधार नाही. लघवीच्या वहीत खरोखर फरक दिसला, म्हणजे रात्री तीनदा उठणारा माणूस एकदाच उठू लागला, आणि खर्च व प्रवास झेपत असेल, तर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक सेशन चालू ठेवणारे आहेत. तसं करायचं असेल तर तीन महिन्यांनी मुद्दाम महिनाभर खंड पाडा आणि पुन्हा मोजा. खंडात काहीच बिघडलं नाही तर आता त्याची गरज नाही. वर्षातून एकदा डोळे तपासा, आणि एमआरआय न्यूरॉलॉजिस्ट सांगतील त्या वेळेला होऊ द्या. चेंबर चालू आहे म्हणून तो टाळू नका.

थांबलात तर हातात आठवड्याचे पाच दिवस आणि बरेच पैसे मोकळे होतात. लघवीच्या घाईसाठी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, गोळ्या, आणि त्याने भागलं नाही तर मूत्राशयात बोटुलिनमचं इंजेक्शन हे सगळं चाचण्यांवर उतरलेलं आहे. थकव्यासाठी बेताने वाढवत नेलेला व्यायाम आणि दिवसाची आखणी, ताठरपणासाठी नेमाने ताण देणं आणि औषधाचा डोस नीट बसवणं, उकाड्यासाठी गार पाण्याचा पट्टा किंवा थंड जॅकेट. वीस सेशनना लागले तेवढेच तास फिजिओथेरपिस्टकडे घालवा, आणि ७.६ मीटरची तीच पट्टी जमिनीवर चिकटलेली असू द्या. सहा आठवड्यांनी तिच्यावरून पुन्हा चालून बघता येईल.